साहेबाच्या डोळ्यांत पाणी का आलं?

मौलमीन,
३ जुलै १९५५

चि. सेन यी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन दीड महिना झाला. उत्तर लिहिलं नाही, कारण एक बातमी पिकायची होती. ती आज पिकून झाडावरून पडली, आणि पहिली फोड तुला पाठवतो आहे.

पेन्रोझ साहेबाच्या ‘नदीकाठची शपथ’ या कादंबरीचं मी केलेलं बर्मी भाषांतर पुढच्या वर्षापासून मॅट्रिकला लागणार! पुस्तक समितीच्या अध्यक्षांनी स्वतः घरी येऊन सांगितलं. एक नोव्हेंबरला बाड छापखान्यात जायचं आहे. चाळीस वर्षं ज्या पुस्तकातले उतारे मी फळ्यावर लिहिले, ते आता माझ्या शब्दांत देशभरची पोरं वाचतील. काल शाळेवरून गेलो. आता तिथे दुसरे मास्तर आहेत, पण चिंच तीच. तिच्याखाली उभा राहिलो आणि सातवीच्या वर्गाचा सूर कानात आला. साठ पोरं एका तालात कविता म्हणताहेत, आणि तिसऱ्या बाकावर दोन वेण्यांची सेन यी डोळे मिटून सगळ्यांच्या पुढे एक ओळ धावते आहे. ते दिवस कुणी चोरून नेले गं?

असो. आता एक गुपित. इतकी वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही. कादंबरीची नायिका मा ह्ला म्हणजे दुसरीतिसरी कुणी नसून माझी मावसबहीण, म्हणजे तुझी आजी, आपली प्वा शिन ताई. तरुणपणी ती लाकूड कंपनीच्या पेन्रोझ साहेबाच्या घरात दोन वर्षं नांदली हे तुला ठाऊकच असेल. तो विलायतेला गेला आणि त्याने पुस्तक लिहिलं. तिथे त्याच्या चाळीस आवृत्त्या निघाल्या! पडौकगोनच्या घाटावरची एक मुलगी जगाच्या वाचनात अमर झाली.

सोबत हस्तलिखिताची प्रत आहे. ताईला आता दिसत नाही म्हणतेस, तर तू वाचून दाखव. शपथेचं प्रकरण सावकाश वाच. तिला काय वाटलं ते कळव. मी पोरासारखी वाट पाहतो आहे.

तुझा,
मास्तरआजोबा


पडौकगोन,
१९ जुलै १९५५

ती. मास्तरआजोबांस,
सा. नमस्कार.

वरच्या खोऱ्यात बंडखोरांचा गोळीबार झाल्यापासून बोट आठवड्यातून एकदाच येते, म्हणून उशीर. पुस्तक पोचलं. तुमच्या भाषेबद्दल मी काय बोलणार, तुमच्याच हाताखाली शिकले. आजीने मात्र जे म्हटलं ते जसंच्या तसं लिहिते. तसंच लिही, अशी तिची ताकीद आहे.

मी पाच दिवस दुपारी वाचून दाखवलं. क्लबाच्या व्हरांड्यात कादंबरीतला साहेब, कॅप्टन डेकर, आपली गोष्ट मित्रांना सांगतो, तिथपासून. पहिल्याच दिवशी वाक्य आलं, ‘ती मांजरीसारखी माझ्या पायाशी येऊन बसे.’

आजी म्हणाली, “थांब. मांजरीसारखी कोण?”

“तुम्ही, आजी.”

“मी? मी पाटावर बसायचे. तो माझ्याहून खाली बसायचा, कारण त्याच्या खुर्चीचा पाय मोडला होता आणि दुसरी यायला पाऊसकाळ गेला. लिहिलंय का खुर्चीचं?”

“नाही.”

“मग पुढे वाच.”

दुसऱ्या दिवशी म्हणाली, “ही बाई बोलते किती वेळा ते मोज.” मी मोजलं. तीनशे दहा पानांत सतरा वेळा. त्यातल्या अकरा वेळा ती फक्त ‘हो, मालक’ म्हणते. आजी इतकी हसली की शेजारच्या दॉ ङ्वे कुंपणापाशी आल्या. “मालक! अगं, मी त्याला ‘अहो लाकूडवाले’ म्हणायचे. सगळा गाव म्हणायचा.”

चौथ्या दिवशी शपथेचं प्रकरण. साहेब देश सोडून निघतो, मा ह्ला ‘कडू पानांचा कसलासा वशीकरणाचा डबा’ घेऊन समोर बसते आणि म्हणते, ‘मला काही नको. नदी आटेपर्यंत मी या घाटावर थांबेन.’ कॅप्टनच्या डोळ्यांत पाणी येतं. दोन वर्षांनी तो परत येतो, तर तिच्या मांडीवर नावाड्याचं मूल. मग क्लबातल्या लोकांना तो सांगतो, ‘सद्गृहस्थहो, या बायकांची शपथ आणि नदीवरचा फेस, दोन्ही दिसायला पांढरे.’

आजीच्या हातातला अडकित्ता थांबला. “शपथेचं पुन्हा वाच.” मी वाचलं. “आणखी एकदा.” तिसऱ्यांदा वाचल्यावर म्हणाली, “हे मी बोलले?”

“पुस्तकात तसं आहे.”

“मी बोलले असते तर मला कळलं असतं.” तिने अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाली, “रडला होता मात्र खरा. मी म्हणाले, घोडा माझा, हातमाग माझा, बंदूक तुमची. यात रडण्यासारखं काय होतं? सत्तेचाळीस वर्षं मी समजत होते, तो घोड्यासाठी रडला.”

मास्तरआजोबा, त्या दिवशी दोघांच्या मध्ये दुभाषे म्हणून तुम्ही बसला होतात. आजीचा एवढाच निरोप आहे: बा न्युंटला विचार, मी बोलले ते त्याने साहेबाला काय म्हणून सांगितलं?

तुमची,
सेन यी


मौलमीन,
२ ऑगस्ट १९५५

चि. सेन यी,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसलो, आणि थोडा उदासही झालो. ताईची जीभ अजून तशीच आहे, शंभर वर्षं तशीच राहो.

पण मुली, तू शिकलेली आहेस. साहित्य म्हणजे पंचनामा नव्हे. तळ्याच्या काठी उभं राहिलं की चिखलही दिसतो आणि कमळही. कवी कमळ उचलतो. खुर्चीचा मोडका पाय कुठल्या कवितेत शोभेल? आणि कॅप्टन डेकर हे पात्र आहे. पात्राच्या तोंडी लेखक काहीही घालतो.

त्या दिवसाचं विचारशील तर सत्तेचाळीस वर्षं झाली. मी अठराचा. आठवतो तो घाट, पडौकाची पिवळी फुलं, ती पाण्यावर पडून सावकाश फिरायची, आणि लांबून येणारा हत्तींच्या लाकडी घंटांचा आवाज. शब्द कुठले आठवायला? जे ती बोलली ते मी सांगितलं असणार. ताईचंही वय झालं आहे, तिला घोडा आठवतो, शपथ आठवत नाही. ज्याला जे जपावंसं वाटतं ते तो जपतो.

तिला सांग, पुस्तकात तिचं नाव कुठेही नाही. काळजीचं कारण नाही.

तू शिकवतेस त्या वर्गात मुलींना शपथेचा उतारा पाठ करायला दे. चाल मी लावून पाठवतो.

मास्तरआजोबा


पडौकगोन,
२० ऑगस्ट १९५५

ती. मास्तरआजोबांस,

चाल पाठवू नका.

तुम्ही म्हणता पुस्तकात नाव नाही. नाव कशाला हवं? पडौकगोनचा घाट आहे, लाकडाच्या कंपनीचा बंगला आहे, नावाडी आहे. हस्तलिखित मी शाळेच्या कपाटात ठेवलं होतं. आठवीतल्या एका मुलीने ते काढून वाचलं आणि वर्गात उभं राहून विचारलं, “बाई, मा ह्ला म्हणजे तुमची आजी ना? मग बाबा तुमचे त्या नावाड्याचे की साहेबाचे?” वर्ग हसला. मीही हसल्यासारखं केलं. पुढच्या वर्षी हा प्रश्न देशभर विचारला जाईल, आणि त्याला गुण असतील.

आता आजीचं ऐका. तिला शपथ आठवत नाही असं तुम्ही लिहिलंत. तिला बाकी सगळं आठवतं.

ती म्हणते, साहेब जाणार हे कळल्यावर तिने गावच्या रिवाजाप्रमाणे सुटका मागायचं ठरवलं. तुम्हीही याच गावचे, रिवाज मी काय सांगू? वस्तूंची वाटणी बोलायची, ती दोघांनी मान्य करायची, आणि मुरवलेली चहाची पानं एका डब्यातून दोघांनी खायची. पानं खाल्ली की तंटा मिटला, नातं सुटलं, कुणी कुणाचं देणं लागत नाही. म्हातारी मंडळी जिन्याखाली चटईवर बसली होती. आजीने लाखेचा डबा स्वतः भरला. भाजलेले तीळ, लसूण, सुका जवळा, मिरची, मधोमध पानं. हाच पुस्तकातला वशीकरणाचा डबा.

ती बोलली, तुम्ही साहेबाला सांगितलंत. तो रडला आणि काहीतरी म्हणाला. आजीने विचारलं, “काय म्हणतो?” तुम्ही म्हणालात, “ठीक आहे म्हणतो.” तिने डबा पुढे केला. त्याने हात लावला नाही. “मग खात का नाही?” तुम्ही म्हणालात, “साहेबाला तिखट सोसत नाही, ताई.”

जिन्याखालच्या म्हाताऱ्यांनी एकच विचारलं, “पानं खाल्ली का?” नाही. मग सुटका नाही. तीन वर्षं थांब, तोवर तो आला नाही तर मोकळी, म्हणाले. ती थांबली नाही, दुसऱ्या वर्षी को ताउंग आजोबांच्या, म्हणजे पुस्तकातल्या नावाड्याच्या, घरी गेली. त्यानंतर आजवर गावच्या एकाही लग्नात वधूची चटई अंथरायचा मान तिला कुणी दिला नाही. आजोबा वारले तेव्हाही दॉ ङ्वे दारात म्हणाल्या, “विधवा कशी? हिचा पहिला अजून विलायतेत जिवंत असेल.”

आणि आता माझं. सातवीच्या बक्षीस समारंभात तुम्ही माझ्याकडून एक कविता म्हणवून घेतली होती. ‘घाटावरची’. तुमचीच. तरुणपणी केली, शाळेच्या मासिकात छापली होती, असं तुम्ही कौतुकाने सांगितलं होतंत. ती मला अजून पाठ आहे. शेवटची ओळ लिहू?

‘नदी आटेपर्यंत मी या घाटावर थांबेन.’

त्या मासिकाचा अंक आमच्या शाळेत आहे. जानेवारी १९०८ चा. साहेब गेला त्या वर्षी एप्रिलमध्ये.

सेन यी


पडौकगोन,
१६ सप्टेंबर १९५५

ती. मास्तरआजोबांस,

चार बोटी आल्या, तुमचं पत्र नाही. तुम्ही बरे आहात हे बोटीच्या कारकुनाकडून कळलं. तुम्ही रोज संध्याकाळी धक्क्यावर फिरायला येता म्हणे.

आजीला आठ दिवस ताप आहे. वैद्य म्हणतात छाती धरली आहे. तापात ती घोड्याचं नाव घेते. शुद्धीवर आली की विचारते, “बा न्युंटचं आलं?” मी ‘नाही’ म्हणते. ती म्हणते, “लिहील. लहानपणी चिंचा चोरल्या की तीन दिवस तोंड लपवायचा, चौथ्या दिवशी यायचा.”

एक नोव्हेंबरला दीड महिना आहे. आजीकडे किती आहे ते मला माहीत नाही.

सेन यी


मौलमीन,
२५ सप्टेंबर १९५५

चि. सेन यी,

आज चौथा दिवस समज.

हे पत्र मी सात वेळा लिहिलं. सहा वेळा त्यात पडौकाची फुलं आली आणि मी ते फाडलं. या वेळी फुलं नाहीत.

मला सगळं आठवतं. साहेब मोडक्या पायाच्या खुर्चीला टेकून जमिनीवर बसला होता. माझ्या खिशात इंग्रजी कवितांचं शाळेचं पुस्तक होतं. ते मी मुद्दाम असं ठेवलं होतं की त्याला कड दिसावी. ताई बोलायला लागली. घोडा माझा, मी वाढवला. माग माझा, आईने दिला. मच्छरदाणी माझी. बंदूक तुमची, घड्याळ तुमचं, दोन्ही पेट्या तुमच्या. भांडी अर्धी अर्धी, तांब्याचा हंडा माझा. आजपासून तुम्ही मोकळे, मी मोकळी. पानं खा.

एवढंच ती बोलली. आवाज सरळ होता, बाजारात मासळी घेताना असतो तसा.

आणि मला लाज वाटली. खरी गोष्ट ही आहे. मला वाटलं, साहेब काय म्हणेल? आमच्या शाळेतल्या पुस्तकातल्या बायका निरोपाच्या वेळी हंडा मागत नाहीत. त्या खिडकीत उभ्या राहतात, त्यांचे केस वाऱ्यावर उडतात. माझी बहीण त्यांच्याहून कमी दिसावी हे मला सोसेना. साहेबाने विचारलं, “काय म्हणते ती?” आणि माझ्या तोंडून माझीच कविता बाहेर पडली. ‘ती म्हणते, मला काही नको. नदी आटेपर्यंत मी या घाटावर थांबेन.’

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आयुष्यात माझ्या कवितेने रडलेला तो पहिला माणूस. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! लिहायलाही नको वाटतं, पण झाला.

तो म्हणाला, “तिला सांग, मी नक्की परत येईन.” हे ताईला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, ‘कशाला?’ मग सगळंच उघडं पडलं असतं. म्हणून ‘ठीक आहे म्हणतो’ असं सांगितलं. आणि ज्या बाईने आत्ताच आयुष्यभर थांबायची शपथ घेतली तिच्यासमोर सुटकेची पानं खा, असं त्याला कुठल्या तोंडाने सांगणार? म्हणून तिखटाचं काढलं.

पुढे मी चाळीस वर्षं ते पुस्तक शिकवलं. कॅप्टन डेकर जेव्हा तिला नदीवरचा फेस म्हणतो तेव्हा वर्गात मी आवाज खाली आणत असे. पोरं रडत. तिने मोडलेली शपथ माझी होती, हे मी मलाही सांगितलं नाही.

ताईला हे सगळं वाचून दाखव. ती देईल ती शिक्षा मला मान्य. पण सेन यी, हात जोडून मागतो, हे तुम्हा दोघींतच राहू दे. पासष्ट वर्षांच्या मास्तराकडे नावाशिवाय काय असतं? पुस्तक निघू दे. माझी एवढी एकच ओळ जगात राहिली आहे, तीही दुसऱ्याच्या नावावर.

बा न्युंट


पडौकगोन,
९ ऑक्टोबर १९५५

ती. मास्तरआजोबांस,

आजीचा ताप उतरला आहे. अंगात ताकद नाही, जीभ आहे. तुमचं पत्र वाचून दाखवलं. ती हसेल की रडेल या भीतीने मी शेवटी शेवटी भरभर वाचत होते. ती म्हणाली, “म्हणजे घोड्यासाठी नव्हता रडला.” मग भिंतीकडे तोंड करून झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मला म्हणाली, “लिही.” ती सांगते तसं लिहिते.

“बा न्युंट, तू लाजलास हे कळलं. मी तांब्याच्या हंड्याला लाजले नव्हते, तू का लाजलास? तो हंडा अजून आहे. सेन यी त्यातूनच पाणी पिते.

“ती घाटावर थांबलेली बाई तुला एवढी आवडत होती तर तू तिच्याशी लग्न करायचंस. माझ्या घरात कशाला आणून ठेवलीस? सत्तेचाळीस वर्षं गाव तिचा राग माझ्यावर काढतो आहे.

“शिक्षा मी देत नाही. माझं काम अर्धं राहिलं आहे ते पुरं कर. साहेब मेला असं सेन यीने पुस्तकाच्या मागच्या पानावर वाचलं. पण त्या दिवशी त्याचं तोंड तू होतास. ते तोंड अजून जिवंत आहे. वर्षावासात लग्न लावत नाहीत तशी सुटकाही नको. पौर्णिमा होऊन वर्षावास संपला की चौथ्या दिवशी ये. जिन्याखाली म्हातारे बसवते. तेव्हाचा एकच उरला आहे, बाकीचे नवे. मी बोलले ते मोठ्याने सांग, साहेब बोलला ते मोठ्याने सांग, आणि त्याच्या वतीने पानं खा. मी सुटल्याशिवाय मरणार नाही, आणि मला फार थांबवू नकोस. थांबणं माझ्या स्वभावात नाही, हे आता तुलाही माहीत आहे.

“आणि पुस्तकात पुढे जे पान असतं, त्यात हे लिही.”

प्रस्तावना म्हणायचं आहे तिला.

तुम्ही लिहिलंत, हे आमच्या दोघींतच राहू द्या. मास्तरआजोबा, दोघींत राहायचं ते सत्तेचाळीस वर्षं राहिलंच की.

सेन यी


मौलमीन,
२४ ऑक्टोबर १९५५

चि. सेन यी,

ताईचं पत्र मी उशीखाली ठेवून एक आठवडा काढला. मग प्रस्तावना लिहिली. दीड पान. लिहून झाल्यावर वाटलं, फुलांवाचून लिहिणं इतकं अवघड नव्हतं. सवय नव्हती एवढंच.

ती अध्यक्षांकडे पाठवली. काल ते छत्री आपटत आले. चहाही घेतला नाही.

“मास्तर, हे काय? दुभाष्या खोटं बोलला, नायिका असं बोललीच नाही. मग मुलांनी परीक्षेत काय लिहायचं?”

मी म्हणालो, “कॅप्टन डेकर काय म्हणतो ते लिहायचं, आणि ती काय म्हणाली तेही.”

“दोन्ही? गुण कशाला द्यायचे?”

“ज्याला फरक कळेल त्याला.”

“अहो, तुम्हीच तो दुभाष्या, हे छापायचं? लोक काय म्हणतील, देशातल्या नावाजलेल्या मास्तराने...” मग जवळ सरकून बसले. “हे बघा. ती म्हातारी खेड्यात. वाचता येत नाही, दिसत नाही. तिला कोण विचारतंय? प्रस्तावना काढा. पुस्तक लागू दे. पुढच्या वर्षी तुमचा सत्कार करू.”

सेन यी, मी तुला खोटं सांगणार नाही, आता सवय मोडतो आहे. मला मोह झाला. डोळ्यांपुढे देशभरचे वर्ग आले. एका तालात माझी ओळ म्हणणारी पोरं. आणि त्यांच्या मागे, तिसऱ्या बाकावर, तू. डोळे मिटून सगळ्यांच्या पुढे धावणारी. तुझ्या आजीची बदनामी तुझ्याच तोंडून मी चाल लावून म्हणवून घेतली होती आणि तुला बक्षीस म्हणून दौत दिली होती.

“प्रस्तावना राहील,” मी म्हणालो.

“मग पुस्तक जाईल.”

“जाऊ द्या.”

त्यांनी बाड टेबलावर ठेवलं आणि गेले. जिन्यावरून त्यांचं पुटपुटणं ऐकू आलं. “म्हाताऱ्याला वेड लागलं.”

लोक सांगतात नदीवर जाऊ नका, वरच्या वळणावर बोटी अडवतात. माझे गुडघेही नाही म्हणतात. पण पौर्णिमेनंतरच्या गुरुवारच्या बोटीचं तिकीट काढलं आहे. बाड बरोबर आणतो. तुझ्या शाळेच्या कपाटात प्रस्तावनेसकट ठेव. ज्या मुलीने तो प्रश्न विचारला तिला आधी वाचायला दे.

ताईला सांग, तिचं वाक्य मी रोज सकाळी पाठ करतो आहे. घोडा, माग, मच्छरदाणी. बंदूक, घड्याळ, दोन पेट्या. भांडी अर्धी. हंडा. एवढी वर्षं कविता पाठ करून घेतल्या, पण चुकण्याची भीती आज पहिल्यांदा वाटते.

बा न्युंट


पडौकगोन,
१४ नोव्हेंबर १९५५

बा न्युंट,

ही सेन यी लिहिते आहे, बोलते आहे मी, प्वा शिन. तू सुखरूप पोचलास हे बोटीच्या कारकुनाने सांगितलं. तुझी छत्री इथेच राहिली.

तू गेल्यावर काय काय झालं ते ऐक. जिन्याखालचे पाचही म्हातारे जेवायला थांबले, म्हणजे त्यांना पटलं. दॉ ङ्वेने कुंपणावरून विचारलं, “आता तरी विधवा का गं?” मी म्हटलं, “को ताउंगची. नीट रिवाजाने. तुला काही अडचण?” ती म्हणाली, “नाही बाई. माझ्या नातीचं लग्न पौषात आहे, चटई अंथरायला येशील?” मी म्हटलं, गुडघे बघून सांगते. जाणार आहे.

तू चांगलं बोललास. मच्छरदाणी विसरलास, तिची मी आठवण करून दिली. पण बाकी सगळं ओळीने आणि आवाज न हलवता. ‘साहेब म्हणाला, मी परत येईन’ हेही सांगितलंस. ते मी पहिल्यांदा ऐकलं. तेव्हाच ऐकलं असतं तर म्हणाले असते, येऊ नका, रस्ता लांब आहे. तो वाईट नव्हता. त्याला ऐकू येत होतं ते तू सांगितलेलं. पण पुढे दोन वर्षांनी येऊन घाटावर उभा राहिला, तेव्हा तू बरोबर नव्हतास. मला हाक मारून विचारायला दुभाष्या लागत नव्हता. मूल दाखवलं असतं मी त्याला. तो न बोलताच वळला आणि जाऊन पुस्तक लिहिलं. तेवढं मात्र त्याचं त्याचं.

सेन यीच्या शाळेत आता मुली माझं वाक्य म्हणतात. घोडा माझा, माग माझा. खेळताना बांगड्यांची वाटणी करतात तेव्हाही तेच. चाल लावली आहे त्यांनी, मी नाही सांगितली. तुला आवडली असती.

पुस्तक परीक्षेला लागलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस. पोरांचा अभ्यास कमी झाला.

एक राहिलं. तू पानं खाल्लीस तेव्हा मला दिसलं नाही, पण सेन यी म्हणते, तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. गेले आठ दिवस विचारते आहे, “आजी, मास्तरआजोबा का रडले?” मी म्हटलं, मला काय माहीत? तो काही बोलला नाही. आणि जे बोलला नाही ते मी सांगत नाही.

डब्यात मिरच्या तीन घातल्या होत्या, तेवढं मला नक्की माहीत आहे.

तुझी,
ताई